दक्षिण-नैऋत्येचा कोट

बाबाने कोट माझ्या हातात दिला आणि सगळ्यात आधी आला तो वास.

जुन्या लोकरीला वास असतोच. ओल्या मेंढीचा, डांबरगोळ्यांचा, कुणाच्या तरी कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या साबणाच्या वडीचा. तो सुखाचा नसतो, पण प्रामाणिक असतो. या कोटाला लव्हेंडरचा वास होता, कुणीतरी अख्खी बाटली उपडी केल्यासारखा. आणि त्याच्या खाली, दाबून ठेवलेला, गोडसर असा दुसरा वास. उन्हात तापलेल्या नव्या गाडीत येतो तसा.

"घालून बघ," बाबा म्हणाला. "वजन बघ काय आहे."

वजनच तर नव्हतं. एवढा जाड दिसणारा कोट हातात धरल्यावर रिकाम्या पिशवीसारखा वाटत होता.

"कुठून आणलास?"

"ऑनलाइन. ब्रोडी हॅस्केटकडून. खाली ओढ्याजवळ राहतो तो, जुने कपडे विकतो. आधी त्याची जाहिरात वाच, मग तोंड वाकडं कर."

माझा बाबा, लिंडसे टलॉक, जन्मभर आमच्या गावच्या आग विझवणाऱ्या दलात स्वयंसेवक होता. गुडघे गेले तेव्हा दलाने त्याला गाडीवरून उतरवून रेडिओपाशी बसवलं. ती त्याला शिक्षा वाटली, म्हणून त्याने दलच सोडलं. आई गेल्यापासून तो डोंगरउतारावरच्या घरात एकटाच राहतो. एकटाच म्हणजे चॉप नावाच्या कुत्र्याबरोबर. घराच्या तिन्ही बाजूंना निलगिरीची झाडं, आणि त्यांची साल उन्हाळ्यात कागदासारखी सुटून अंगणात पडते. दर उन्हाळ्यात आमचं एकच भांडण: आगीचा दिवस आला की घर सोडून खाली जायचं, की थांबून घर वाचवायचं. मी जीलाँग शहरातून गाडी काढून येते ती या भांडणासाठीच.

या वर्षी त्याच्याकडे नवीन मुद्दा होता.

"सोमवारी उत्तरेचा वारा आहे, पारा चाळिशीच्या वर. मी थांबणार. पाणी आहे, पंप आहे, आणि आता कोटही आहे."

आमच्या भागात हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं की आगीत लोकर घालायची नाहीतर सुती. लोकर पेट घ्यायला कुरकुरते, पेटलीच तर ज्वाळा बाजूला होताच विझते, आणि तिची राख बोटांनी चुरगळता येते. कृत्रिम धागा वितळतो. वितळून कातडीला चिकटतो, आणि मग तो काढायचा तर कातडीसकट. दलातल्या प्रत्येकाने असा एखादा हात पाहिलेला असतो. बाबानेही पाहिलाय. म्हणूनच तर तो लोकरीचा कोट शोधत होता.

मी जाहिरात वाचली. 'अस्सल जुना आग-टेहळणी कोट. शुद्ध लोकर. डोंगरमाथ्यावरच्या मनोऱ्यात बसणाऱ्या पहारेकऱ्यांसाठी खास विणलेला. लेबलवर एस-एस-डब्ल्यू अशी अक्षरं, म्हणजे दक्षिण-नैऋत्य. वारा फिरतो ती दिशा. ज्यांना कळतं त्यांना कळेल.'

"कळलं?" बाबा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

उत्तरेचा वारा आमच्याकडे आग घेऊन येतो. पण माणसं मरतात ती नंतर, वारा नैऋत्येकडून उलटतो तेव्हा. लांब चिंचोळी आग त्या एका क्षणात कुशीवर वळते आणि तिची अख्खी कूसच पुढे धावत सुटते. बाबा त्या वाऱ्याचं नाव घेताना आवाज खाली आणतो. ज्याने ही जाहिरात लिहिली त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

मी कॉलर उलटी केली. शुद्ध लोकर, एका जुन्या गिरणीचं नाव, आणि ती तीन अक्षरं. जुने कपडे ऑनलाइन शोधणं हा माझा नाद आहे, त्यामुळे त्या अक्षरांचा खरा अर्थ मला माहीत होता. पण बाबाच्या चेहऱ्याकडे बघून तो सांगवेना. म्हटलं, कापडावरूनच पटलं तर बरं. त्याची शोभा तरी होणार नाही.

"बाबा, याला कसर कुठे लागली नाही."

"मग? नीट ठेवला असेल कुणीतरी."

"एवढी जुनी लोकर आणि एकही भोक नाही? कसरीला चव असते. ती प्लास्टिक खात नाही." मी कोट घातला आणि सरकन काढला. माझे केस चटचट आवाज करत उभे राहिले. "आणि हे बघ. हे लेबल फक्त चार कोपऱ्यांवर टाचलंय. दोरा पांढराफेक. कॉलर घामाने पिवळी पडलेली नाही, पण लेबल मात्र पिवळं आहे. म्हणजे लेबलला मान घासली, कॉलरला नाही?"

"तुझी ती लॅब," बाबा म्हणाला. मी रसायनशास्त्र शिकले, आणि कापडातले धागे तपासायची नोकरी करते, हे तो अभिमानाने सगळ्यांना सांगतो, मला सोडून. "नोरीनच्या नवऱ्याने, केव्हिननेही घेतलाय असाच. नोरीन दलाची कॅप्टन आहे, मेरिन. ती काय वेडी आहे?"

"नोरीनने घेतलाय का? केव्हिनने घेतलाय ना? एक धागा जाळून बघू. केस जळल्याचा वास आला तर लोकर. मी माफी मागेन."

"आज संपूर्ण आगबंदी आहे."

"ती बाहेर, बाबा. आपण बेसिनवर बघू, नळ सुरू ठेवून."

"या घरात आगबंदीच्या दिवशी काडी ओढली जात नाही."

घरातल्या काडीला तो नियम लागू होत नाही हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण त्याचा जबडा घट्ट झाला होता, आणि त्या जबड्यापुढे आईचंही कधी चाललं नाही.

मग मला मोरीतली ब्लीचची बाटली आठवली. लोकर म्हणजे केसच, प्रथिन. ब्लीचमध्ये ती विरघळते. कृत्रिम धागा विरघळत नाही. मी कोटाच्या आतल्या शिवणीतून चिमूटभर धागे ओढले. तुलनेला खरी लोकर हवी होती.

"चॉपचं ब्लँकेट," बाबा म्हणाला. "ती गिरणीची अस्सल लोकर आहे. आपल्या लग्नात मिळालेली. म्हणजे माझ्या."

ते ब्लँकेट मी दोन बोटांत धरून उचललं. कुत्र्याचं तेल, मेलेल्या सशाचा वास, कडेला कसरीने केलेली जाळी. मधला स्वच्छ धागा शोधायला वेळ लागला.

"एवढं काय निवडतेस?"

"चॉपचे केस नकोत. तेही विरघळतील आणि तू म्हणशील मी लबाडी केली."

दोन कपांत ब्लीच ओतलं, धागे टाकले, आणि आम्ही चहा घेऊन समोर बसलो. ब्लँकेटच्या धाग्याला आधी बुडबुडे सुटले. मग तो पिवळा पडला, बुळबुळीत झाला, नाकातून येतं तसं काहीतरी दिसायला लागलं. चहा संपेपर्यंत ते बुळबुळीतही उरलं नाही. दुसऱ्या कपात कोटाचे धागे होते तसेच, निवांत, रंगही न उडालेले. मला त्या टवटवीतपणाची जास्त किळस आली.

"आगीसाठी कुत्र्याची तयारी तुझ्यापेक्षा बरी आहे," मी म्हणाले.

बाबा दोन्ही कपांकडे बघत राहिला. "पण ब्रोडी इथलाच आहे," तो शेवटी म्हणाला. "शहरातला असता तर गोष्ट वेगळी. त्याला वारा माहीत आहे. चल, त्यालाच विचारू. त्याने सांगितलं तर मानेन."

*

बाबा हट्टाने तो कोट अंगात घालूनच आला. ब्रोडीच्या शेडबाहेर त्याची पिकअप उभी होती. इंजिनातून गळणारं तेल टिपायला खाली राखाडी रंगाचं काहीतरी पसरलेलं होतं. मी वाकून बघितलं. बाईचा कोट होता. खरी लोकर, घट्ट विणीची, कसर लागलेली. काळं तेल पिऊन तो मेलेल्या जनावरासारखा फुगला होता. कॉलरखाली, लेबल असतं तिथे, कात्रीने कापलेला चौकोन.

"लिंडसे! काय मित्रा, कसा बसतोय कोट?" ब्रोडी बाहेर आला. त्याच्या हातात सॉसेज रोल होता आणि सॉस मनगटापर्यंत ओघळलं होतं. ते त्याने दारात टांगलेल्या एका फ्रॉकला पुसलं, अगदी सहज. "आणि तू मेरिन ना? माझ्या बहिणीच्या वर्गात होतीस. सगळ्यांच्या वह्या तपासायचीस."

"कोट छान बसतोय," बाबा म्हणाला. "पण पोरगी म्हणते, लोकर नाही."

"पोरी काय, काहीही म्हणतात."

"ब्लीचमध्ये विरघळला नाही," मी म्हणाले.

"मग चांगलंच की! टिकाऊ आहे."

"जाहिरातीत शुद्ध लोकर लिहिलंयस, ब्रोडी."

"लेबलवर लिहिलंय. लेबलवर असतं तेच मी लिहितो. आणि लेबल शंभर टक्के अस्सल आहे, हे कुणाहीसमोर सांगेन."

"लेबल अस्सल आहे. कोट नाही."

"हे बघ, जुने कपडे म्हणजे शेवटी काय असतं? एक भावना असते." त्याने रोलचा मोठा घास घेतला. "लोकांना भावना मिळते. तारे बघ माझ्या पानावर. पाचातले पाच."

बाबाचे गुडघे दुखत होते. तो टेबलापाशी स्टुलावर बसला. टेबलावर बिस्किटांचा जुना डबा उघडा होता आणि त्यात लेबलं होती, मूठभर, कापून काढलेली. काहींना दोऱ्यांच्या शेपट्या तशाच होत्या. एकाला पांढरा केस चिकटलेला होता. बऱ्याच लेबलांच्या कडांना फिकट गुलाबी खर होती, पावडरीची, ज्या बायका आता नाहीत त्यांच्या मानेवरची. दानात आलेले कपडे विकणाऱ्या दुकानांतून ब्रोडी हे कोट पोत्याने उचलायचा. लहान मापाचे, कसर लागलेले, कुणी न घेणारे. लेबल ठेवायचा, लोकर गाडीखाली टाकायचा. मग कुठूनतरी स्वस्तातले नवे पुरुषी कोट आणून त्यांना ही लेबलं टाचायचा. ही माणसाच्या अंगची वस्तू होती आणि ती त्याने नखं कापावीत तशी कापून डब्यात साठवली होती. मी हात पाठीमागे घेतले.

बाबाने एक लेबल उचललं. "एस-एस-डब्ल्यू."

"दक्षिण-नैऋत्य, मित्रा. मनोरेवाल्यांचं."

"आणि हे? एस-डब्ल्यू."

"नैऋत्य. दुसरा मनोरा."

"हं. डब्ल्यू."

"पश्चिम. सोपं आहे."

बाबाने बोटाने लेबलं सारली. खालून एक वर आणलं. "ओ-एस?"

ब्रोडीचं चावणं थांबलं. "ते… दक्षिणेच्या पलीकडचं असेल. आउट साउथ."

"असेल. आणि हे एक्स-ओ-एस?"

ब्रोडीने रोल टेबलावर ठेवला.

"जन्मभर वाऱ्याच्या मागे पळालो मी, ब्रोडी," बाबा म्हणाला. "एक्स-ओ-एस वारा मला कधी भेटला नाही." मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरत गेलं. "हिच्या आईच्या, मार्जच्या वाढदिवसाला मी एकदा ओ-एस मापाचं स्वेटर आणलं होतं. दुकानात तेवढंच शिल्लक होतं. ओ-एस म्हणजे आउटसाइज. जाड्या बायकांचं माप. अख्खा हिवाळा ते स्वेटर तिने गॅरेजच्या खिळ्याला लटकवून ठेवलं, मला दिसावं म्हणून." त्याने डब्यातलं लेबल पुन्हा वाचलं. "डब्ल्यू म्हणजे वुमन. बाई. एस-डब्ल्यू लहान बाई. आणि एस-एस-डब्ल्यू…"

"लहान लहान बाई," मी म्हणाले. कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

बाबाने अंगावरच्या कोटाकडे पाहिलं. एवढा खांद्याने रुंद माणूस.

"मी शोधलं होतं इंटरनेटवर," ब्रोडी म्हणाला. "कुठे काही मिळालं नाही. म्हटलं, वाऱ्याची दिशा असेल. आणि एकदा लिहिलं तर लोकांना जाम आवडलं ते. पटापट जायला लागले."

"कुणाकुणाला विकलेस?"

"सगळे फॅशनला घेतात."

"माझा बाप हा घालून आगीत उभा राहणार होता."

"जाहिरातीत खाली लिहिलंय की." त्याने फोन काढून सॉसच्या बोटाने पान सरकवलं आणि माझ्यासमोर धरलं. अगदी शेवटच्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरात होतं: 'प्रत्यक्ष ज्वाळांपासून दूर ठेवावा.'

मी ते दोनदा वाचलं. म्हणजे त्याला माहीत होतं. वारा त्याने चुकून लिहिला असेल, पण ही ओळ चुकून लिहिलेली नव्हती.

"सगळ्या घेणाऱ्यांना आज कळव," मी म्हणाले. "सोमवारच्या आत."

"कळवतो, कळवतो. एवढं काय अंगावर येतेस? लिंडसे, तुला दुसरा बदलून देऊ का? निळा आहे एक."

बाबा उठला. गाडीत जाऊन बसला. संध्याकाळी मी ब्रोडीचं पान उघडून बघितलं. आग-टेहळणी कोट गायब झाले होते. त्यांच्या जागी तेच फोटो, तीच लेबलं, आणि वर नवं नाव: 'अस्सल वादळ-टेहळणी कोट.' घेणाऱ्यांना त्याने काहीच कळवलं नव्हतं. मी नोरीनला फोन केला आणि बाकीचं तिच्यावर सोपवलं.

*

सोमवारी सकाळी बाबा भांडला नाही. चॉपला आणि त्याच्या ब्लँकेटला मागच्या सीटवर टाकलं आणि आम्ही खाली मैदानाजवळच्या हॉलमध्ये गेलो. दिवसभर धुराने पिवळ्या झालेल्या उजेडात, मोडक्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिलो. दुपारनंतर वारा फिरला. पलीकडच्या डोंगरावरची आग वळून सरकारी जंगलात गेली. आमच्या उतारावर आलीच नाही.

घरी परतलो तर पन्हाळीत जळकी पानं पडली होती, एवढंच. बाबाने घराला एक फेरी मारली, पंपाला हात लावला, आणि मला नको होतं तेच वाक्य आलं.

"थांबलो असतो तरी चाललं असतं."

"बाबा."

"नाही, मी आपलं म्हणतोय. पाणी आहे, पंप आहे. आणि तो कोट… कोट म्हणून काही अगदीच वाईट नाही. बादलीत भिजवून घातला तर?"

मला त्या क्षणी त्याची किळस आली. ब्रोडीची आली होती तशीच. एक माणूस खोटं विकतो, आणि दुसऱ्याला ते खोटं आहे हे दाखवून दिल्यावरही तो ते भिजवून घालायचं म्हणतो. माझ्या आवाजात ते आलं असणार, कारण चॉप उठून टेबलाखाली गेला.

"आगबंदी उठली की नोरीनकडे चल," मी म्हणाले. "तूच जाळ. माझ्या हाताने नको."

आगबंदी उठली तेव्हा दलाच्या शेडसमोर नोरीन, तिचा नवरा केव्हिन आणि कोट घेतलेले आणखी काही जण जमले होते. केव्हिनने त्याचा कोट घडी करून काखेत धरला होता, अजूनही जपून. मी सगळ्यांना वाऱ्याच्या उलट बाजूला उभं केलं, कारण या धाग्याचा धूर छातीत जाऊ द्यायचा नसतो. बाबाने आधी चॉपच्या ब्लँकेटचा तुकडा चिमट्यात धरून पेटवला. तो आक्रसला, तडतडला, केस जळल्याचा घाणेरडा वास आला, आणि लायटर बाजूला होताच विझला. बाबाने तो बोटांत चुरला. राख झाली.

मग कोटाची बाही. तिने भप्पकन पेट घेतला. बाबाने लायटर बंद केला तरी ती जळतच राहिली. कडा उकळायला लागल्या, त्यांना फेस आला, आणि तो फेस थेंब होऊन, पेटता, काँक्रिटवर पडला. मग दुसरा. सडलेली मासळी आणि डांबर एकत्र उकळावं तसा वास वाऱ्याच्या उलट बाजूलाही आमच्यापर्यंत आला. केव्हिन नाक दाबून मागे सरकला. नोरीनने शिवी हासडली आणि वाळूची बादली ओतली.

वाळू झाडल्यावर काँक्रिटवर काळा, चकाकता, बोराएवढा खडा उरला होता. बाबाने वाकून तो चिमट्याने काढायचा प्रयत्न केला. निघेना. बुटाच्या टाचेने ठोकला. निघेना. मग तो तसाच वाकलेला राहिला, स्वतःच्या उघड्या हाताकडे बघत, आणि सावकाश सदऱ्याची बाही मनगटापर्यंत खाली ओढून त्याने बटण लावलं.

"केव्हिन, तो कोट काखेतून खाली ठेव," नोरीन म्हणाली.

परत येताना बराच वेळ बाबा खिडकीबाहेर बघत होता. वळणावर ब्रोडीची शेड दिसली. दारात नवे कोट टांगले होते, वाऱ्यावर हलत, कसर न लागलेले.

"पुढच्या वेळी सकाळी लवकर निघू," बाबा म्हणाला. "उशीर झाला की त्या हॉलमध्ये धड खुर्ची मिळत नाही."